कार्यशाळा झाल्या तरी प्राध्यापक एलएमएस वापरत नाहीत, मग मदत करायची तरी कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या शिक्षण-तंत्रज्ञान कक्षात तुम्ही वर्षभरापूर्वी रुजू झालात. मूडल ही एलएमएस, म्हणजे अभ्यास-साहित्य, चाचण्या आणि गुण ऑनलाइन सांभाळणारी प्रणाली, बसवून दोन वर्षं झाली. दर सत्राच्या सुरुवातीला तुम्ही दोन दिवसांची कार्यशाळा घेता, हजेरी चांगली असते, अभिप्रायही छान येतात. पण बहुतेक कोर्स पेजवर चार पीडीएफ आणि दोन सूचना यापलीकडे काही दिसत नाही. प्राध्यापकांना रसच नाही असं समजायचं, की आपलंच काही चुकतंय?

रस नाही असं समजू नका. हे काम मी सोळा वर्षं करते आहे आणि शिकवण्यात रस नसलेले प्राध्यापक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. एलएमएसला हात न लावणारे मात्र शेकड्यांनी भेटले. या दोन गोष्टींचा मेळ घालायला मला बरीच वर्षं लागली, म्हणून आधी तेच सांगते.

वीस वर्षं शिकवलेला माणूस वर्गात उभा राहतो तेव्हा फळ्यावर काय लिहायचं, कुठे थांबायचं, कोणत्या ओळीनंतर मुलं अडणार, हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. तोच माणूस साठ मुलांसमोर पडद्यावर क्विझ उघडायला जातो, ती उघडत नाही, मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘सर, डावीकडचं बटण दाबा’, आणि सर ते बटण शोधत राहतात. ते अर्धं मिनिट त्यांना पुढे कित्येक वर्षं आठवतं. आपल्या तिकिटावर, म्हणजे मदतीच्या मागणीच्या नोंदीवर, ती ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ असते, त्यांच्या लेखी ती भर वर्गात झालेली फजिती असते. पुढच्या सत्रात ते पीडीएफ टाकतात, कारण पीडीएफ दगा देत नाही. आळशीपणाने नव्हे, अनुभवातून घेतलेला तो निर्णय आहे.

म्हणून आपलं काम मी असं मानते: प्राध्यापकाची विद्यार्थ्यांसमोर फजिती होऊ नये याची आधीच तजवीज करायची, आणि तरीही काही बिघडलंच तर त्या वेळी त्याच्या शेजारी असायचं. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून यातलं काहीच होत नाही. तिथे पन्नास गोष्टी दाखवल्या जातात, आणि त्यातली एकही पुढच्या आठवड्यात लागणार नसते. प्रश्नपेढी कशी बनवायची हे सत्राच्या पहिल्या दिवशी शिकलेल्या मॅडमना ती प्रत्यक्षात दहाव्या आठवड्यात लागते. तोवर सगळं विसरलेलं असतं, आणि ‘मी तर कार्यशाळेला बसले होते’ या संकोचापायी त्या पुन्हा विचारत नाहीत.

मी कार्यशाळा जवळजवळ बंद केल्या. त्याऐवजी वीस-पंचवीस मिनिटांची बैठक, प्राध्यापकांच्याच खोलीत, त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच खऱ्या कोर्सवर. नमुना कोर्स नाही, ‘चाचणी प्रश्न १’ नाही. पुढच्या शुक्रवारी जी क्विझ घ्यायची आहे तीच बनवायची. आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे, नव्या सहकाऱ्यांनाही पहिल्याच दिवशी सांगते: त्यांच्या माउसला हात लावायचा नाही. समोरचा माणूस तिसऱ्यांदा चुकीच्या मेनूत शिरतोय हे बघवत नाही, ‘द्या, मी करते’ असं तोंडावर येतं. पण आपण चार क्लिक करून दिल्या की आपल्याला हलकं वाटतं आणि त्यांच्या हाताला काहीच लागत नाही. थांबायचं, ‘अजून खाली बघा’ म्हणायचं, पुन्हा थांबायचं.

फजितीची तजवीज म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. एका प्राध्यापकांनी निबंध जमा करायची मुदत ‘२० तारखेच्या रात्री बारापर्यंत’ अशी वर्गात जाहीर केली आणि मूडलमध्ये २० तारीख, वेळ ००:०० अशी भरली. बोलताना २० तारखेच्या रात्रीचे बारा म्हणजे २० चा दिवस मावळून गेल्यानंतरचे बारा. यंत्राच्या हिशेबात २० तारखेचे ००:०० म्हणजे २० तारीख सुरू होते तो क्षण. १९ आणि २० च्या मधली रात्र. सकाळी मुलांनी पाहिलं तर मुदत संपलेली. सव्वादोनशे मुलांच्या ईमेलना उत्तरं देत सरांचा अख्खा दिवस गेला. सरांनी चूक केली असं कुणी म्हणू नये. आपल्या बोलण्यातली मध्यरात्र आणि यंत्राची मध्यरात्र यांत पूर्ण एका दिवसाचं अंतर आहे आणि ते कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना ००:०० कधीच भरू नका, २३:५९ भरा असं सांगते. त्याहून चांगलं म्हणजे मुदत मध्यरात्रीची ठेवूच नका, संध्याकाळी पाचची ठेवा. फाइल अडकलेल्या मुलाला तेव्हा फोन उचलणारं कुणीतरी असतं.

तारखांच्या बाबतीत असे आणखी दोन खड्डे आहेत आणि त्यांत बहुतेक जण एकदा तरी पडतात. असाइनमेंटमध्ये ‘ड्यू डेट’ आणि ‘कट-ऑफ डेट’ अशा दोन तारखा असतात. ड्यू डेट उलटून गेली तरी फाइल जमा होते, फक्त तिच्यावर ‘उशिरा’ अशी नोंद पडते. दार खरोखर बंद होतं ते कट-ऑफ डेटला. फक्त पहिली भरली तर मुलं आठवडाभर फाइली टाकत राहतात आणि वेळेवर देणारी मुलं तक्रार घेऊन येतात. दुसरा खड्डा क्विझचा. एक तासाची क्विझ दहाला उघडते आणि अकराला बंद होते असं लावलं, तर दहा वीसला बसलेल्या मुलाला चाळीसच मिनिटं मिळतात, कारण बंद होण्याची वेळ ‘टाइम लिमिट’पेक्षा वरचढ ठरते. कुणाचं नेट अडखळणार, कुणी पासवर्ड विसरणार, हे गृहीत धरून उघडण्यापासून बंद होण्यापर्यंतचा वेळ नेहमी क्विझपेक्षा मोठा ठेवायचा.

‘सबमिट’च्या बटणावरही नजर ठेवा. असाइनमेंटच्या सेटिंगमध्ये ‘विद्यार्थ्याने सबमिट दाबणं आवश्यक’ असं चालू असेल, तर नुसती फाइल चढवून निघून गेलेल्या मुलाचं काम ‘ड्राफ्ट’ म्हणून पडून राहतं. मूल म्हणतं, मी दिलं. प्राध्यापक म्हणतात, आलं नाही. आपापल्या जागी दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी आपण लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याची नोंद, उघडून फाइल कोणत्या तारखेला किती वाजता चढली ते दाखवलं, की दोन माणसांमधला अविश्वास तिथल्या तिथे संपतो. या कामातलं मला सगळ्यात समाधान देणारं काम हेच.

हे सगळं आधी कळावं यासाठी एक साधा उपाय आहे. प्रत्येक प्राध्यापकाला त्याच्या कोर्समध्ये एक खोटं विद्यार्थी-खातं द्या. मूडलमध्ये भूमिका बदलून ‘विद्यार्थी म्हणून पाहा’ अशी सोय आहे, पण तिच्यावर विसंबू नका. त्यातून पान कसं दिसतं ते कळतं. खरं मूल खरी फाइल चढवतं, गुण बघतं, गटात असतं, ते त्यातून नीट अनुभवता येत नाही. खोट्या खात्याने मोबाइलवरून लॉगिन करून एकदा स्वतःची क्विझ स्वतः सोडवली, की दहातल्या आठ चुका प्राध्यापकांच्या स्वतःच्याच लक्षात येतात. त्यांना एकांतात चुकायला जागा मिळते, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता ग्रेडबुक, म्हणजे मूडलमधली गुणांची वही. प्राध्यापकांचा सगळ्यात जास्त घाम इथे निघतो आणि आपण सगळ्यात कमी शिकवतो तेही हेच. एक हिशेब करून बघा. प्रत्येकी २० गुणांच्या पाच असाइनमेंट आहेत. एका मुलीने दोनच दिल्या, १८ आणि १६ गुण मिळवले. बाकीच्या तीन रिकाम्या. ‘रिकामे गुण वगळा’ हा पर्याय चालू असेल तर तिची बेरीज ४० पैकी ३४, म्हणजे ८५ टक्के दिसते. तो बंद केला की तीच १०० पैकी ३४, म्हणजे ३४ टक्के. सत्राच्या मध्यावर पहिली पद्धत योग्य आहे, कारण पुढच्या असाइनमेंट अजून व्हायच्याच असतात. सत्राच्या शेवटी तीच पद्धत अन्याय करते. ‘तुमच्या सिस्टिमने चुकीची बेरीज केली’ असं म्हणत प्राध्यापक आपल्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा बेरीज बरोबरच असते, पण न दिलेल्या कामाचे शून्य गुण मानायचे की मानायचेच नाहीत, हे कुणी ठरवलेलं नसतं. तो शैक्षणिक निर्णय आहे आणि तो त्यांनी घ्यायचा. त्या निर्णयाचं बटण कुठे आहे ते आपण दाखवायचं. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक नव्या प्राध्यापकाकडून कागदावर अंतर्गत गुणांची विभागणी लिहून घ्या आणि ग्रेडबुक त्याच्याशी ताडून पाहा. पंधरा मिनिटांचं काम आहे, शेवटचे पंधरा दिवस वाचतात.

इथवर बोलले ते चुका टाळण्याबद्दल. त्याहून अवघड असतं ते विचारलेल्या प्रश्नामागचा प्रश्न ऐकणं. ‘क्विझमधले पर्याय उलटसुलट कसे करायचे?’ असं मॅडम विचारतात. ‘शफल’वर खूण करा, असं सांगून आपण एका मिनिटात तिकीट बंद करू शकतो. मी विचारते, ‘मॅडम, कॉपी होतेय का?’ मग खरी गोष्ट बाहेर येते: उत्तरं ग्रुपवर फिरतायत, मागच्या परीक्षेत ऐंशी मुलांना एकसारखे गुण पडले, विभागप्रमुखांनी विचारणा केली आहे. आता मदत निराळी होते. प्रश्नपेढीत एकेका घटकाचे पंधरा-वीस प्रश्न एका गटात ठेवायचे आणि क्विझने त्यातून यादृच्छिक तीन उचलायचे. आकडेमोडीचे प्रश्न असतील तर ‘कॅल्क्युलेटेड’ प्रकार वापरायचा, म्हणजे उदाहरण तेच राहतं पण प्रत्येकाला आकडे वेगळे येतात. बरोबर उत्तरं क्विझ बंद झाल्यावरच दाखवायची. आणि पर्याय शफल करायचेच असतील तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय आधी काढून टाकायचा, नाहीतर तो कुणाच्या तरी पडद्यावर पहिल्या क्रमांकावर येऊन बसतो आणि त्याच्या वर काहीच नसतं.

क्विझ झाल्यावरचं आकडेवारीचं पान मी आवर्जून त्यांच्यासोबत बसून बघते. किती टक्के मुलांना प्रश्न सुटला ते तिथे दिसतं, शिवाय एकूण जास्त गुण मिळवणाऱ्यांना तो सुटला की कमी गुणवाल्यांना, हेही दिसतं. एखाद्या प्रश्नाचा हा दुसरा निर्देशांक उणे आला, म्हणजे वर्गातली चांगली मुलं तोच प्रश्न चुकवत असतील, तर आधी उत्तरसूची तपासा. बहुधा चुकीच्या पर्यायावर खूण पडलेली असते. सूची दुरुस्त करून ‘रीग्रेड’ केलं की सगळ्यांचे गुण बदलून येतात. एका प्राध्यापकांना हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे इतकी वर्षं कागदावर अशा किती चुका राहून गेल्या असतील.’ त्या दिवसापासून त्यांनी एकही क्विझ आकडेवारी न बघता सोडली नाही. मी त्यांना एलएमएसचं महत्त्व कधीच पटवून दिलं नव्हतं.

विषय आणि साधन वेगळे काढता येत नाहीत, हे शिक्षणशास्त्रात बऱ्याच आधी मांडलं गेलं आहे. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की विषय येणं आणि शिकवणं येणं यापलीकडे ‘हा विषय कसा शिकवायचा’ हे तिसरंच ज्ञान असतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घालून टीपॅक ही चौकट मांडली. आपल्या कामासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. भाषेच्या प्राध्यापकाला फोरम (लेखी चर्चेची जागा) आणि शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकाला चित्रावर खुणा करायचा प्रश्न-प्रकार लागतो, आणि दोघांना एकाच कार्यशाळेत बसवलं तर दोघांचाही अर्धा वेळ फुकट जातो. बैठकीला जाण्याआधी मी त्या विषयाचा अभ्यासक्रम आणि मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका वाचून जाते. थर्मोडायनॅमिक्स मला येत नाही. पण मुलं नेमकी कुठे अडतात हे विचारण्याइतकी भाषा मला यायला हवी.

क्विझ म्हणजे फक्त गुण देण्याचं साधन, असं ज्यांना वाटतं त्यांना मी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगते. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर, मध्ये न बघता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना जास्त आठवलं. हे ऐकल्यावर दर आठवड्याची पाच प्रश्नांची, गुण नसलेली क्विझ घ्यायला बरेच जण तयार होतात. गुण नसले की कॉपीचं कारणही उरत नाही, आणि काही बिघडलं तरी कुणाचं नुकसान नाही. नव्या माणसाची सुरुवात मी याच क्विझने करून देते.

व्हिडिओबद्दल थोडं, कारण हा प्रश्न हमखास येतो. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासून फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जो निष्कर्ष मांडला, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण पाहणारा सहा मिनिटांच्या आसपासच टिकत होता. हा अभ्यास खुल्या ऑनलाइन कोर्सचा आहे, परीक्षा तोंडावर आलेलं मूल तासाभराचं रेकॉर्डिंगही बघतं. तरी पन्नास मिनिटांचं व्याख्यान संकल्पना जिथे बदलते तिथे कापून, प्रत्येक तुकड्याला ‘भाग ३’ऐवजी खरं नाव द्यायला मी सांगते. खर्च करायचाच असेल तर कॅमेऱ्याआधी मायक्रोफोनवर करा. अंधुक चित्र मुलं सहन करतात, अस्पष्ट आवाज करत नाहीत.

ज्या पीडीएफबद्दल तुम्ही तक्रार केलीत, तिच्याकडे मात्र मी वेगळ्या नजरेने बघते. ती पीडीएफ चांगली असेल तर प्राध्यापकाने खूप काही केलं आहे. ती उघडून एखाद्या ओळीवरून माउस ओढून बघा. अक्षरं निवडली जात नसतील तर तो नुसता पानाचा फोटो आहे. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यापुढे मुका होतो, आणि डोळस विद्यार्थ्यालाही त्यात शब्द शोधता येत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या टिपणांचंही तेच: डोळ्यांना मजकूर दिसतो, यंत्राला निरर्थक चिन्हं. अशा टिपणांची यादी करून, ओसीआर (फोटोतल्या अक्षरांचा मजकूर बनवणं) किंवा फॉन्ट-रूपांतर करून देण्याचं काम आमच्या कक्षाने स्वतःकडे घेतलं. प्राध्यापकांना त्यात काहीच शिकावं लागलं नाही, आणि त्यांची वीस वर्षांची टिपणं जपली गेली याचा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. स्लाइडवरच्या फिकट राखाडी अक्षरांनाही हरकत घ्या. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उठाव हवा, असं डब्ल्यूसीएजी हे सुलभतेचे जागतिक निकष सांगतात. मोजणारी साधनं फुकट मिळतात.

सध्या सर्वाधिक फोन येतात ते एआयबद्दल. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि पुढच्याच सत्रात निबंध घेऊन दारात उभे राहिलेले प्राध्यापक मला आठवतात: ‘हे मुलाने लिहिलेलं नाही, मला कळतंय, पण सिद्ध कसं करू?’ त्यांची व्यथा खरी आहे. पण एआयचं लेखन ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या टक्केवारीवरून कुणालाही दोषी धरू नका, असं मी ठामपणे सांगते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी पडते म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात ओळखयंत्रं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध सरासरीने यंत्राने लिहिलेले ठरले. साध्या शब्दांत, जपून लिहिणारं प्रामाणिक मूल यात आधी अडकतं. साम्य दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच: त्यातला आकडा साम्याचा असतो, चोरीचा नसतो. संदर्भसूची आणि अवतरणं वगळून उरलेला मजकूर माणसाने वाचायचा असतो.

मग करायचं काय? कामाची रचना बदलायला मदत करायची. मी सुचवते ते हे: एका मोठ्या निबंधाऐवजी आधी आराखडा, मग एका परिच्छेदाचा मसुदा, मग अंतिम लेख, तिन्ही एलएमएसवर वेगवेगळ्या तारखांना. शेवटी पाच मिनिटं तोंडी, ‘हे वाक्य का लिहिलंस?’ एवढंच. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांची तोंडी घेणं जमत नसेल तर दर वेळी दहा मुलं चिठ्ठ्या टाकून. आणि एआय कुठे चालेल, कुठे नाही, हे प्रत्येक असाइनमेंटच्या वर्णनात दोन ओळींत लिहायचं. संपूर्ण कोर्ससाठी एकच कलम लिहिलं तर मुलं ते वाचत नाहीत.

आता कक्षाच्या कामाबद्दल. फोन ठेवा, आणि तो उचला. वर्ग सुरू होण्याआधी सात मिनिटं लॉगिन होत नसलेल्या प्राध्यापकाला ‘आपलं तिकीट नोंदवलं आहे’ या ईमेलचा काही उपयोग नाही. त्यांचा पासवर्ड कधीही विचारू नका, त्यांनी सांगितला तरी वापरू नका. त्यांच्या खात्यातून गुण बदलतात, उद्या वाद झाला तर दोघंही अडकाल. प्रत्येक उत्तर त्यांच्याच पडद्याच्या फोटोसह एका पानात पाठवा. दहा पानी मॅन्युअल कुणी उघडत नाही, ते एक पान मात्र मी कपाटाच्या दारावर चिकटवलेलं पाहिलं आहे. सत्राचा पहिला आठवडा आणि परीक्षांचा पंधरवडा यांत मूडलची आवृत्ती बदलायची नाही. एका रात्रीत बटणांची जागा बदलली तर प्राध्यापकांचा वर्षभरात कमावलेला विश्वास सकाळी दहाच्या आत जातो. मोठ्या क्विझ सगळ्या विभागांनी दहाच्या ठोक्याला ठेवल्या असतील तर त्यांना दहा, दहा दहा, दहा वीस असं मागेपुढे करायला लावा. सर्व्हरवर खरा भार सगळे एकाच मिनिटात आत शिरतात तेव्हा येतो.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना विसरू नका. त्यांना खातं उशिरा मिळतं, बसायला खोली नसते, बैठकीची वेळ कुणी विचारत नाही, आणि पहिल्या वर्षाचे मोठाले वर्ग बहुधा त्यांच्याकडेच असतात. त्यांच्यासाठी आम्ही संध्याकाळी सात ते आठ असा फोनचा तास ठेवला. सुरुवातीचे दोन महिने फारसं कुणी आलं नाही, नंतर तोच सर्वांत गजबजलेला तास झाला.

काही वेळा ‘नको’ म्हणणंही आपलंच काम असतं. बारा जणांचा वर्ग, सगळे रोज समोरासमोर बसून बोलतात, आणि प्राध्यापकांना वाटतं की फोरम असलाच पाहिजे. मी म्हणते, नको, तुमची चर्चा उत्तम चालली आहे. अशा दोन-तीन ‘नको’नंतर आपलं ‘हो’ लोक गंभीरपणे घेतात. कुठलंही नवं साधन जोडायची मागणी आली की दोन गोष्टी विचारा: एलटीआय या जोडणीच्या ठरलेल्या पद्धतीने जोडता येतं का, म्हणजे मुलांना वेगळा पासवर्ड लागणार नाही आणि गुण थेट ग्रेडबुकात येतील, आणि उद्या ते साधन सोडायचं ठरलं तर आतला मजकूर बाहेर काढता येतो का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मी परवानगीसाठी शिफारस करत नाही.

आपलं चाललंय की नाही हे लॉगिनच्या आकड्यांवरून ठरवू नका. पीडीएफ उतरवायलाही लॉगिन लागतंच. मी एका वहीत प्राध्यापकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते. पहिल्या सत्रात एका मॅडमचे प्रश्न होते, ‘फाइल कुठे गेली?’, ‘मुलांना दिसत का नाही?’. तिसऱ्या सत्रात त्यांनी विचारलं, ‘ज्यांना पहिल्या क्विझमध्ये निम्म्याहून कमी गुण मिळाले त्यांनाच पुढचं टिपण आधी उघडावं असं करता येईल का?’ करता येतं, उपलब्धतेच्या अटीत गुणांची मर्यादा घालून. पण उत्तर देण्याआधी मी ती दोन्ही पानं शेजारी ठेवून बघितली होती.

तुमच्यासाठी आत्ता एवढंच सांगेन. पुढच्या सत्राची कार्यशाळा रद्द करा आणि तीन प्राध्यापक निवडा. सर्वांत उत्साही तिघे नकोत. विभागात ज्यांच्या शब्दाला मान आहे आणि ज्यांनी एकदा प्रयत्न करून सोडून दिला आहे असे तिघे. त्यांच्याकडे जा, संगणक बंदच राहू द्या, आणि त्या वेळी वर्गात नेमकं काय झालं होतं ते विचारा. सगळं ऐकून घ्या. मग त्यांच्या पहिल्या क्विझच्या दिवशी, सुरू होण्याच्या दहा मिनिटं आधी, वर्गाच्या मागच्या बाकावर जाऊन बसा.